मराठवाड्यात नवे आलात? मग जत्रा अशी करा

बदली होऊन लातूरच्या बँकेत आलेले, नांदेडला शिकायला आलेले, छत्रपती संभाजीनगरच्या कंपनीत रुजू झालेले लोक पहिल्या वर्षी हमखास एक तक्रार करतात. जत्रा आहे म्हणून गेलो, गर्दी पाहिली, धूळ खाल्ली, परत आलो. नेमकं पाहायचं काय होतं ते कळलंच नाही. त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. या आठ जिल्ह्यांत वर्षभर कुठे ना कुठे जत्रा, यात्रा किंवा उरूस चालू असतो. वरून पाहिलं तर सगळीकडे तेच दिसतं: पाळणे, रेवड्या, गोडीशेव, लाऊडस्पीकर. पण प्रत्येक जत्रेच्या आत एक जुना क्रम असतो. पालखीला पहिला खांदा कुणाचा, काठी कुठल्या गावची, पहिला नैवेद्य कुठल्या घरचा, हे पिढ्यानपिढ्या ठरलेलं असतं. हा मानाचा क्रम कळला की जत्रा कळते. नाही कळला, तर धूळ तेवढी हाती लागते.

आधी पंचांग, मग रजेचा अर्ज

इंग्रजी तारीख पाठ करून जत्रेला जाता येत नाही. बहुतेक यात्रा तिथीवर भरतात आणि तिथी दरवर्षी साधारण अकरा दिवस अलीकडे सरकते. अधिक महिना आला की त्यानंतरचे सण एकदम साधारण एकोणीस दिवसांनी उशिरा येतात. गेल्या वर्षी डिसेंबरात झालेली यात्रा यंदा जानेवारीत येऊ शकते. घरात एक छापील दिनदर्शिका टांगा आणि वर्षाच्या सुरुवातीलाच या जागांवर खुणा करा: माघ वद्य चतुर्दशी म्हणजे महाशिवरात्र, फाल्गुन वद्य प्रतिपदा ते अष्टमी, चैत्र पौर्णिमा, श्रावणातले शनिवार, आश्विन प्रतिपदा ते पौर्णिमा, आणि मार्गशीर्ष वद्य चतुर्दशी व अमावस्या. मराठवाड्याच्या मोठ्या जत्रांपैकी बऱ्याचशा एवढ्यात बसतात.

उरसांचं गणित वेगळं. ते हिजरी महिन्यांवर चालतात आणि त्या कालगणनेत अधिक महिना नसल्यामुळे दरवर्षी मागेच सरकत जातात. खुलताबादचा जर जरी जर बक्ष यांचा उरूस रबी-उल-अव्वल महिन्यात येतो, मग तो पावसाळ्यात असो की उन्हाळ्यात. परभणीच्या तुराबुल हक दर्ग्याचा उरूस मात्र फेब्रुवारीच्या सुरुवातीला भरतो. त्यामुळे नोकरदार माणसाला आधीपासून रजा टाकायला तो सोपा पडतो.

आणखी एक लक्षात ठेवा. यात्रा 'पाच दिवसांची' म्हणून छापली असली तरी पाचही दिवस सारखे नसतात. एक दिवस देवाचा असतो, एक कुस्त्यांचा, एक बाजाराचा, आणि शेवटी उरतात पाळणे नि दुकानं. कुठला दिवस कशाचा, हे आधी विचारून घ्या. गावात फोन करायला कुणी ओळखीचं नसेल तर एसटी स्टँडवरच्या चौकशी खिडकीत विचारा. जादा गाड्या कोणत्या दिवशी सुटणार हे त्यांना माहीत असतं, आणि ज्या दिवशी सर्वांत जास्त गाड्या तो दिवस देवाचा.

पहिली जत्रा माळेगावची करा, आणि दुसऱ्या दिवशी येळवस

पहिल्यांदा जाणारा माणूस थेट नवरात्रात तुळजापूर गाठतो. माझं मत विचाराल तर तसं करू नका. तिथे नवख्याचा बहुतेक वेळ रांगेत जातो. पहिली जत्रा माळेगावची करावी, कारण ती मोकळ्या माळावर पसरलेली असते. तिथे फिरता येतं, थांबता येतं, लोकांशी बोलता येतं.

नांदेड जिल्ह्यातल्या लोहा तालुक्यात, नांदेड-लातूर रस्त्यावर हे खंडोबाचं ठाणं आहे. मोबाइलच्या नकाशात नीट पाहून घ्या. नाशिक जिल्ह्यातलं मालेगाव निराळं, बारामतीजवळचं माळेगाव निराळं. शोधताना 'लोहा' हा शब्द घातलाच पाहिजे. मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीला देवस्वारी निघते, पालखीवर भंडाऱ्याची उधळण होते आणि 'येळकोट येळकोट जय मल्हार'चा गजर सुरू होतो. हा पहिला दिवस चुकवू नका. जुने, हळदीचा डाग पडला तरी चालतील असे कपडे घाला. चष्मा असेल तर असू द्या, भंडारा डोळ्यांत गेला की चांगलीच आग होते. मोबाइल प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा. पालखी जवळ आल्यावर पुढे घुसू नका. खांदेकऱ्यांची अदलाबदल होते तेव्हा रेटा अचानक बाजूला येतो, आणि बाजूला उभा असलेला नवखा त्यात सापडतो. थोडं उंचावर, पालखीच्या मागच्या अंगाला उभे राहिलात तर मानकरी कोणत्या क्रमाने पुढे येतात ते नीट दिसतं. शेजारच्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, "काका, हे पुढचे कुठल्या गावचे?" तो तुम्हाला अर्धा तास सांगत बसेल. जत्रेतला हा सर्वांत मोलाचा अर्धा तास असतो.

देव झाला की जनावरांच्या बाजारात जा. माळेगाव घोड्यांसाठी आणि गाढवांसाठी प्रसिद्ध आहे. लांबलांबून व्यापारी येतात, भटक्या समाजांची बिऱ्हाडं उतरतात, राहुट्या पडतात. बैलांत लाल कंधारी पाहून घ्या, कारण त्या जातीचं घरच कंधार-लोह्याच्या या पट्ट्यात आहे. गडद तांबड्या अंगाचे, डौलदार बैल. लातूरकडची देवणी जातही आसपासच्या बाजारांत दिसते, ती पांढऱ्या अंगावर काळे ठिपके-पट्टे असलेली. विकत काही घ्यायचं नसलं तरी इथे वागण्याची एक रीत आहे. मालकाला विचारल्याशिवाय जनावराच्या तोंडाला हात लावू नका. दात पाहणं म्हणजे सौद्याला तोंड फोडणं. आदत, दोन दाती, चार दाती, जुळलेला, हे वयाचे शब्द कानावर पडतील. जनावराचं वय वर्षांत सांगतच नाहीत. सौदा चालू असेल तर हेडे, म्हणजे जनावरांचे व्यापारी, रुमालाखाली हात घालून बोटांनी भाव ठरवतात. त्या वेळी मध्ये बोलू नये, फोटोही काढू नये. आकडा दोघांतच राहावा म्हणून तर तो रुमाल असतो. घोड्याच्या मागून कधीही जाऊ नका. हे लहान मुलांना दहा वेळा सांगा.

पुढच्या दिवसांत कुस्त्यांची दंगल, पशुप्रदर्शन, घोडे-कुत्रे-कोंबड्यांचं प्रदर्शन, लोककला आणि लावणी महोत्सव असतो. नांदेड जिल्हा परिषद त्याची आखणी करते आणि कार्यक्रमपत्रिका आधी छापते. ती मिळवा. वाघ्या-मुरळीचं जागरण ऐकायला मिळालं तर रात्र काढा. दिमडी आणि घोळ वाजायला लागली, तुणतुण्याने साथ धरली की मल्हारी-बाणाईची गोष्ट उलगडत जाते. ती अर्धी गाण्यात असते आणि अर्धी बोलण्यात, त्यामुळे अर्ध्यातून उठलात तर काहीच पदरात पडत नाही. बसायला सतरंजी न्या. डिसेंबर-जानेवारीत माळावर रात्री कडाक्याची थंडी पडते, कानटोपी आणि शाल हवीच.

आता या यात्रेची गंमत अशी, की चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी अमावस्या, म्हणजे वेळ अमावस्या. लातूर-धाराशिवकडे तिला येळवस म्हणतात. बीड-नांदेडच्या लगतच्या भागातही ती करतात. हा शेताचा सण. ज्वारी-हरभरा रानात उभा असतो, आणि अख्खं घर जेवण घेऊन रानात जातं. लातूर शहर त्या दिवशी ओस पडतं, दुकानं बंद, रस्ते रिकामे. नव्याने आलेला माणूस घाबरून विचारतो, काय झालं? काही झालेलं नसतं, सगळे रानात असतात.

येळवशीला तिकीट नाही की मंडप नाही, तिथे आमंत्रणानेच जायचं असतं. पण आमंत्रण मिळवणं अवघड मुळीच नाही. कार्यालयात, वर्गात, शेजारी आठवडाभर आधी नुसतं म्हणा, "मी येळवस कधी बघितली नाही." चार घरून बोलावणं येईल. होकार एकालाच द्या, कारण एका शेतात जेवल्यावर दुसरीकडे जेवायला पोटात जागा उरत नाही. रानात कडब्याच्या पेंढ्यांची कोप, म्हणजे खोपी, केलेली असते, आत चुन्याने रंगवलेले पाच दगड मांडून त्यांची पूजा होते. ते पांडव. घरधनी पिकाभोवती चर, म्हणजे पूजेचा प्रसाद, शिंपत फिरतो, मागून बाकीचे आरोळी देतात. तुम्हीही द्या. मग जेवण: हरभरा, तूर, वाटाणा, शेंगदाणे आणि पालेभाज्या एकत्र शिजवलेली भज्जी, बाजरीचे उंडे, धपाटे, गव्हाची खीर, आणि मातीच्या माठातलं आंबील. आंबील म्हणजे ज्वारीचं पीठ ताकात शिजवून मुरवलेलं आंबट पेय. पहिला घोट अनोळखी लागेल, तिसऱ्या घोटाला आवडेल. ते नाकारू नका. पोट बिघडेल अशी भीती असेल तर अर्धी वाटी मागा, पण घ्या. जाताना काय न्यावं? मिठाईचा खोका नको. मुलांसाठी पतंग न्या, किंवा भरपूर पाणी. रानात त्याचीच टंचाई असते. संध्याकाळपर्यंत थांबलात तर कडब्याचा हेंडगा पेटवून शेताला फेरी घालतात तेही दिसेल. त्या वेळी वाऱ्याच्या दिशेला उभे राहू नका, आणि अंगावर नायलॉनचे कपडे नसावेत.

माळेगावची देवस्वारी आणि येळवस अशी लागोपाठ दोन दिवसांत केली, की जत्रा ही देवाइतकीच शेताची आणि जनावरांची असते हे आपोआप ध्यानात येतं.

फाल्गुनातला एक आठवडा

होळी फाल्गुन पौर्णिमेला. दुसऱ्या दिवशी धुळवड, पाचव्या तिथीला रंगपंचमी, सहाव्याला पैठणची नाथषष्ठी, आणि अष्टमीला काला. आठवडाभराची रजा मिळत असेल तर याच आठवड्यात घ्या.

धुळवडीला मात्र निवड करावी लागते. एकीकडे नांदेडचा शिखांचा होला मोहल्ला, दुसरीकडे बीड जिल्ह्यातल्या केज तालुक्यातलं विडा गाव. एकाच दिवशी दोन्ही होणार नाहीत.

नांदेडला गुरू गोविंदसिंगांचं १७०८ मध्ये निर्वाण झालं. तिथलं तख्त सचखंड श्री हुजूर साहिब हे शिखांच्या पाच तख्तांपैकी, म्हणजे मुख्य धर्मपीठांपैकी, एक. आजची गुरुद्वाराची इमारत महाराजा रणजितसिंगांच्या काळात, १८३२ ते १८३७ दरम्यान उभी राहिली. होला मोहल्ल्याला निशाण साहिब म्हणजे धर्मध्वज, गुरूंचे घोडे आणि निहंग या शस्त्रधारी शिखांची पथकं अशी मिरवणूक निघते आणि ठरलेल्या जागी हल्लाबोल होतो. हातात शस्त्रं घेतलेला जमाव जयघोष करत एकदम धावत सुटतो. ते दृश्य पाहण्यासारखं आहे, पण रस्त्यावर उभं राहून नाही. ओळखीच्या कुणाच्या गच्चीवर, किंवा पायरीवर उंच जागा आधीच धरा. धावायला सुरुवात झाली की रस्ता ओलांडायचा नाही, मग पलीकडे तुमचा भाऊ उभा का असेना. गुरुद्वारात जाताना डोक्याला रुमाल, चपला जोडाघरात, पाय धुऊन आत. खिशात तंबाखू, गुटखा, सिगारेट काहीही असता कामा नये. बाहेर कुणाकडे ठेवायलाही देऊ नका, घरीच ठेवून या. लंगरमध्ये पंगतीत बसा, पोळी दोन्ही हातांच्या ओंजळीत घ्या आणि ताटात काही उष्टं टाकू नका. जमलं तर जेवणानंतर तासभर भांडी घासायला बसा. ओळख विचारल्याशिवाय जागा करून देतात.

विड्याचा प्रकार अगदीच निराळा. तिथे धुळवडीला गावच्या एका जावयाची गाढवावरून मिरवणूक काढतात. गळ्यात चपलांचा हार, पुढे वाजंत्री, गुलालाची उधळण. आठ-दहा दिवस आधीपासून गावातली पोरं जावयांवर नजर ठेवून असतात, कारण जावई पळून जायच्या तयारीत असतात. मिरवणूक झाली की त्याच जावयाला नवे कपडे करतात, अंगठी घालतात. पाहुण्याने इथे एक भान ठेवावं. ही थट्टा नात्यातली आहे, गावाला ती शोभते. बाहेरच्याने जावयाला चिडवू नये, त्याच्या तोंडासमोर कॅमेरा धरू नये. कडेला उभं राहून गुलाल लावून घ्या, एवढं पुरे. आणि तुमची सासुरवाडी विड्याची असेल तर हा परिच्छेद दोनदा वाचा.

मग पैठण. संभाजीनगरहून सुमारे ५० किलोमीटर. एकनाथ महाराजांनी १५९९ मध्ये फाल्गुन वद्य षष्ठीला गोदावरीत जलसमाधी घेतली, त्या तिथीची ही वारी. नाथांचे गुरू जनार्दनस्वामी यांच्या आयुष्यातले प्रसंगही याच तिथीला जोडलेले मानतात. शेकडो दिंड्या पायी येतात. नवख्यांचा एक गोंधळ नेहमी होतो: पैठणला नाथांची दोन ठिकाणं आहेत. एक गावातला नाथांचा वाडा, दुसरं गोदाकाठचं समाधी मंदिर. भेटायचं ठरवताना कुठल्या मंदिरापाशी ते स्पष्ट बोला. षष्ठीला वाड्यातून समाधीकडे जाणारी नाथवंशजांची मानाची दिंडी पाहा, आणि अष्टमीला संध्याकाळी काला. मधल्या वेळात वाळवंटात फिरा. दिंड्यांच्या राहुट्यांत कीर्तन चालू असतं, कुठे भारूड रंगलेलं असतं. भारुडात माणूस बाईचा वेष घेतो, विंचू चावल्यासारखा नाचतो, लोक हसून लोळतात, आणि हसता हसता अध्यात्म गळी उतरतं. नाथांनी ज्या गावात हे लिहिलं त्याच गावात ते पाहणं मला फार मोठी गोष्ट वाटते. यासाठी एक संध्याकाळ राखून ठेवाच.

नदीत उतरताना जपा. वरच्या अंगाला जायकवाडीचं धरण आहे, पाणी सोडलं की पात्र बदलतं. पोहता येत असलं तरी लोक जिथे स्नान करत आहेत त्याच घाटावर, काठाशी.

आईच्या जत्रा: तुळजापूर आणि येरमाळा

एक-दोन जत्रा झाल्या, गर्दीचा अंदाज आला, की मग तुळजापूर. सोलापूरहून सुमारे ४५ किलोमीटर. देवळात चढून जायचं असं नवख्यांना वाटतं, पण महाद्वारातून आत गेलं की पायऱ्या खाली उतरतात. कल्लोळ तीर्थ, गोमुख तीर्थ, मग देवी.

इथलं वेळापत्रक देवीच्या झोपेवर चालतं. वर्षातून तीनदा भवानी निद्रा घेते. भाद्रपद वद्य अष्टमीपासून घोरनिद्रा, तिच्यातून उठली की घटस्थापना. दसऱ्याला सीमोल्लंघन झालं की श्रमनिद्रा, ती आश्विन पौर्णिमेपर्यंत. तिसरी निद्रा पौषात, शाकंभरी नवरात्राच्या आधी. देवीची मूर्ती चल आहे, म्हणून हे सगळं शक्य होतं. दसऱ्याच्या पहाटे मूर्ती सिंहासनावरून काढून, साड्यांत लपेटून पालखीत ठेवतात आणि मंदिराला प्रदक्षिणा होते. पालखी येते अहिल्यानगरजवळच्या बुऱ्हाणनगरहून, देवीचा पलंग येतो पुणे जिल्ह्यातल्या घोडेगावहून. दोन्ही मान तेली समाजाकडे आहेत. राजेरजवाड्यांच्या या कुलदेवतेला झोपायचा पलंग शेकडो किलोमीटरवरून एक कारागीर समाज घेऊन येतो आणि त्याच्याशिवाय दसरा होत नाही, ही व्यवस्था समजून घेतली तर त्या पहाटेच्या गर्दीला अर्थ येतो.

दसऱ्यानंतरच्या पाच दिवसांत गेलात तर सिंहासन रिकामं दिसेल. देवीचं दर्शन पलंगावर होतं. ते चुकीच्या वेळी आलो असं समजून हळहळू नका. मला तर हेच दिवस जास्त आवडतात. गर्दी थोडी उतरलेली असते आणि पौर्णिमेसाठी सोलापूर-कर्नाटकातून पायी निघालेल्यांच्या रांगा रस्त्यावर दिसायला लागतात. त्यांच्यासाठी रस्ते बंद किंवा वळवलेले असतात, स्वतःची गाडी नेत असाल तर त्या दिवशीचा पोलिसांचा आदेश पाहूनच निघा. दर्शन शांतपणे हवं असेल तर नवरात्र आणि मंगळवार, शुक्रवार, पौर्णिमा टाळा.

येरमाळ्याची येडेश्वरी धाराशिव जिल्ह्यातच, कळंब तालुक्यात, सोलापूर-धुळे महामार्गावर. चैत्र पौर्णिमेला लागून यात्रा भरते. देवीची पालखी डोंगरावरून निघून आमराईत येते आणि वाटेतल्या रानात भाविक चुनखडी वेचतात. लाखो लोक एका रानात वाकून पांढरे खडे वेचत आहेत, असं दृश्य दुसरीकडे नाही. तुम्हीही वेचा, नुसते बघत उभे राहू नका. पण चैत्रातलं ऊन विसरू नका. पारा चाळिशीच्या घरात असतो, माळावर सावली नसते. भल्या पहाटे पोचा, टोपी किंवा उपरणं, माणशी तीन-चार लिटर पाणी, मीठ-साखरेची पुडी. रक्तदाब किंवा साखरेची गोळी चालू असेल तर ती खिशात ठेवा, गाडीत नाही, कारण गाडीपर्यंत परत यायला दोन तास लागू शकतात.

जोगवा, अंगात येणं आणि कंदुरी

हे तीन प्रसंग नवख्या माणसाला बुचकळ्यात टाकतात, म्हणून सविस्तर सांगतो.

गळ्यात कवड्यांची माळ, हातात परडी आणि पेटता पोत घेऊन आराधी बाई समोर येईल आणि जोगवा मागेल. ती भिकारीण नाही. तिने घेतलेलं ते व्रत आहे. परडीत पीठ-मीठ, धान्य किंवा नाणं ठेवा, ती हळद-कुंकू लावेल ते लावून घ्या. द्यायचं नसेल तर हात जोडा आणि पुढे व्हा. हाताने झिडकारू नका.

संबळ आणि हलगीच्या ठेक्यावर एखाद्या बाईच्या, कधी पुरुषाच्याही, अंगात येतं. केस मोकळे सुटतात, अंग घुमायला लागतं. तुमचा यावर विश्वास असो किंवा नसो, त्या क्षणी मोबाइल खाली घ्या. कळवळून सांगतो, ते चित्रण करून पसरवू नका. घरातल्या बाईचा तो फार उघडा क्षण असतो. सोबतचे लोक तिला सांभाळत असतात. त्यांना जागा द्या, लहान मुलांना थोडं दूर न्या. गाभाऱ्यात फोटो काढायला मनाई असते, ती पाळा. वासुदेव, पोतराज, गोंधळी यांचा फोटो काढायचा झाल्यास आधी विचारा, आणि काढल्यावर हातावर पैसे ठेवा. ती त्यांची रोजी आहे.

कंदुरी म्हणजे नवसाच्या बकऱ्याचं जेवण. देवीच्या जत्रेतही असतं, दर्ग्यावरही असतं, आणि दर्ग्यावर कंदुरी करणारी हिंदू घरं इकडे पुष्कळ आहेत. बोलावलं तर जा. मटण खात नसाल तर यजमानांना सकाळीच सांगा, ते तुमच्यासाठी वेगळं पिठलं-भाकरी टाकतील आणि कुणाला वाईट वाटणार नाही. ऐन पंगतीत ताट सरकवलं तर वाईट वाटतं. दर्ग्यात जाताना डोकं झाकावं, चादरीच्या मिरवणुकीला, म्हणजे संदलला, वाट द्यावी.

जाणं, राहणं, पैसे

एसटीने जा. जत्रेच्या जादा गाड्या गावाच्या सर्वांत जवळ सोडतात, खाजगी गाडी दोन-तीन किलोमीटर अलीकडे रानात लावावी लागते. परतीची शेवटची गाडी धरायचा नाद करू नका. ती चेंगरून भरते. रात्र तिथेच काढा आणि सकाळच्या गाडीने निघा. तुळजापुरात भक्तनिवास, नांदेडला गुरुद्वाराचे यात्री निवास आहेत, पण मोठ्या तिथीला ते आधी भरतात. पैठणला षष्ठीच्या दिवसांत खोलीची आशा सोडा आणि संभाजीनगरला मुक्काम करा.

गर्दीत मोबाइलचं नेटवर्क बसतं, त्यामुळे फोनवरून पैसे देणं जमत नाही. दहा-वीसच्या नोटा आणि सुटी नाणी न्या, दोन ठिकाणी विभागून. मुलाच्या खिशात पालकाचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी घाला. मोठ्यांनीही चुकामूक झाल्यास भेटायची जागा आधी ठरवावी. आकाशपाळण्याखाली असं ठरवू नका, तिथेच सर्वांत जास्त गर्दी असते. पोलिसांचा मदत कक्ष बरा. हरवल्या-सापडल्याच्या घोषणाही बहुधा तिथूनच होतात. चप्पल साधी, बंदाची. सोनं घरी.

शेवटी तुमच्या गावची जत्रा

मोठ्या यात्रा झाल्या की तुम्ही जिथे राहता त्याच्या आसपासच्या खेड्याची जत्रा विचारा. चैत्रात हनुमान जयंतीच्या सुमाराला अशा जत्रांची रीघ लागते. लेकी माहेरी येतात, पुण्या-मुंबईला गेलेली पोरं परततात. वर्गणी मागायला मंडळी आली तर ती द्या आणि पावती घ्या. रक्कम किती हे महत्त्वाचं नाही, यादीत नाव असणं महत्त्वाचं. मग तुम्ही बघे राहत नाही. कुस्त्यांच्या फडावर दुपारी तीनच्या सुमाराला पोचा. सुरुवातीला पोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्या, मग नारळावरच्या, मग पैशांच्या, आणि दिवस मावळता मावळता शेवटची मोठी कुस्ती. बसायला पश्चिमेकडची बाजू धरा, म्हणजे ऊन डोळ्यांवर येत नाही. हलगीवाल्याच्या अगदी शेजारी बसू नका. आणि पंचांनी हात वर करेपर्यंत जागचे उठू नका, तुमच्या मागे बसलेला म्हातारा त्या एका कुस्तीसाठी वर्षभर थांबलेला असतो.